चार पाऊण तीन

अपूर्णांकांची मला भीती वाटायची, असं म्हणणं म्हणजे फारच सौम्य बोलणं झालं. गणिताच्या तासाआधी माझ्या पोटात कळ उठायची. छेद सारखे करायचे म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला सातवीपर्यंत कुणी नीट सांगितलं नव्हतं आणि विचारायची हिंमत माझ्यात नव्हती. आई आपली, कळ उठली की ओवा चघळायला द्यायची. ओव्याने अपूर्णांक सुटत नाहीत, हे तिला कोण सांगणार?

ब्याऐंशी साली वडिलांची बदली बेलापूरच्या नव्या ऑफिसात झाली आणि आम्ही लालबागची चाळ सोडून तिथल्या क्वार्टर्समध्ये राहायला आलो. कॉलनीची शाळा अजून कागदावरच होती, म्हणून मला शेजारच्या करावे गावातल्या शाळेत घातलं. वर्गात बाकी सगळी गावातली, खाडीवर मासेमारी करणाऱ्यांची मुलं. कॉलनीतली मी एकटी. पहिल्या दिवशी वाटलं, ही माझी टिंगल करणार. कसली टिंगल! त्यांना सवड कुठे होती? तीही माझ्याइतकीच घाबरलेली होती.

कारण जगदाळे सर. बाजीराव जगदाळे, साताऱ्याकडच्या माण तालुक्यातले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, मनगटावर घड्याळ आणि हातात छडी. माणूस वाईट नव्हता, हे मी आजही म्हणेन. आम्ही शिकावं म्हणून जीव टाकायचे. पण उत्तर चुकलं की छडी, आणि उलट बोललं तर त्याहून जास्त. एकदा वर्गातल्या दादूने फळ्यावरच्या बेरजेत सरांचीच चूक दाखवली होती. चूक खरोखरच होती. सरांनी ती मुकाट्याने पुसली, बेरीज दुरुस्त केली आणि मग उलट बोलल्याबद्दल दादूला पायांवर फोडून काढलं. दादू दोन दिवस लंगडत होता. त्यानंतर सरांची चूक दाखवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

असं असताना एका सकाळी बंडू वर्गात उशिरा आला. बापाबरोबर जाळं ओढायला गेला होता. सरांनी छडी उचलली तसा तो रडवेला होऊन म्हणाला, "सर, आज पन दुपारच्या पाळीला जायाचं हाय. पावनेचारला भरती हाय."

"तुला रं कसं कळलं पावणेचार?"

"पंचमी हाय ना. पाच पाऊन पावनेचार."

सरांची छडी तशीच खाली आली. आदल्याच दिवशी तीन चतुर्थांश गुणिले पाच या उदाहरणावर बंडूने मार खाल्ला होता. आणि आज तेच गणित तो भर वर्गात, रडत रडत, तोंडी करत होता. सर खुर्चीवर बसले आणि त्यांनी बंडूला सगळं विचारून घेतलं. गावातला हिशेब असा: त्या दिवशीची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. त्याच्या साधारण सहा तास आधी ओहोटी.

सर एवढे खूश झाले की मला त्यांचीच भीती वाटली. त्यांच्या लहानपणी शाळेत पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ करून घेत. ती त्यांना अजून येत होती. ती त्यांनी आम्हाला म्हणायला लावली. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, तीन पाऊण सव्वादोन, चार पाऊण तीन. आख्खा वर्ग एका सुरात म्हणायचा. पुढचे काही दिवस अपूर्णांकांचा तास चक्क बरा गेला. मग सरांनी ठरवलं की येत्या महिन्यात एका शनिवारी, सकाळच्या शाळेला, आपण खाडीतच जायचं, ओहोटीला चिखलात बांबू रोवायचा, त्यावर वितीवितीला खुणा करायच्या आणि तासाला पाणी किती भाग चढतं ते मोजायचं. तो शनिवार संकष्टीचा निघाला. सर गणपतीचे भक्त, संकष्टी कडक करायचे. त्यांना तो शुभ दिवस वाटला.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, सरांनी पाटीवर उत्तर लिहायला सांगितलं. "उद्या भरती किती वाजता?"

माझ्या घरी सकाळीच आई म्हणाली होती, उद्या संकष्टी, साबुदाणा आणायला हवा. संकष्टी म्हणजे चतुर्थी, हे मलाही ठाऊक होतं. चार पाऊण तीन. मी लिहिलं, तीन. सर नेमके आधी माझ्याकडे आले. पाटी बघून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "शाबास, जयमाला! भरती तीनला, म्हंजे ओहोटी नऊला. बघा रं, चाळीतली पोरगी तुमची खाडी शिकली."

गणितात मला मिळालेली ती पहिली शाबासकी. मी फुलून गेले. माझ्या शेजारी शांती बसायची. तिने पाटीवर तळहात फिरवला आणि पुन्हा लिहिलं, तीन. मला वाटलं, हिचं चुकलं होतं, बरं झालं वेळेवर पुसलं. सर पुढे गेले तेव्हा प्रत्येक पाटीवर तीनच होतं.

ते तीन चूक होतं. सरांना ते माहीत नव्हतं आणि मलाही नाही. संकष्टी धरतात ती चंद्र उगवताना चतुर्थी असेल त्या दिवशी. त्या दिवशी सकाळी, सूर्य उगवताना, बहुतेक वेळा तृतीयाच असते. आणि भरतीच्या हिशेबाला गावात सकाळची तिथी धरत. तीन पाऊण सव्वादोन. म्हणजे ओहोटी नऊला नव्हे, सव्वाआठला. आम्ही खाडीत पोचणार होतो साडेआठला.

शनिवारी खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीतून वाट काढत आम्ही निघालो. बंडूच्या खांद्यावर बांबू. पुढे एक चर लागली. पाणी जेमतेम घोट्याएवढं होतं, आम्ही हसत पार केलं. पलीकडे शिंपल्यांचा एक टणक उंचवटा होता आणि त्याच्या सगळ्या बाजूंना काळा चिखल. सरांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती आणि चपला हातात घेतल्या होत्या. त्यांना पोहता येत नव्हतं. माण तालुक्यात पोहायला पाणी असतंच कुठे? मलाही येत नव्हतं.

बांबू रोवला. सर घड्याळात बघून म्हणाले, "अजून अर्धा तास पाणी उतरणार. मग थांबंल. मग चढंल. नीट बघत ऱ्हावा."

आम्ही बघत राहिलो. पाणी बांबूच्या पहिल्या खुणेपाशी होतं. थोड्या वेळाने खूण दिसेना. मला काही त्यातलं कळत नव्हतं, पण मुलं गप्प झाली होती. एरवी खाडीवर आली की ही मुलं चिंबोऱ्या शोधतात, एकमेकांना चिखल फेकतात. आता कुणी हलत नव्हतं. शांती मागे वळून चरीकडे बघत होती.

मी हळूच विचारलं, "काय गं?"

"पानी भरतंय," ती ओठ न हलवता म्हणाली.

मी तिच्या कानाशी लागले. "सरांना सांग ना."

"तू सांग. तू त्यांची शाबास."

मी सरांकडे बघितलं. छडी बगलेत धरून ते घड्याळ बघत होते. नऊला दहा कमी. माझी जीभ उचलेना. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला पाण्यापेक्षा सरांची भीती जास्त वाटत होती. पाणी काय करेल ते मला माहीत नव्हतं, सर काय करतील ते पक्कं माहीत होतं.

मग पाणी माझ्या पायाच्या बोटांना लागलं आणि मी ओरडले.

"लाट हाय ती," सर म्हणाले. "कुणी हलायचं न्हाई. ओहोटी नऊला हाय." पण त्यांचा आवाज फाटला होता. त्यांनी बांबूकडे बघितलं. दुसरी खूणही पाण्याखाली गेली होती. त्यांनी घड्याळ कानाला लावलं. ते बंद पडलंय का, असं त्यांना वाटलं असावं. गणित चुकलं असेल, असं मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही.

आणि मुलं हलली नाहीत. हे मला आजही आठवलं की अंगावर काटा येतो. त्यातलं प्रत्येक मूल माशासारखं पोहणारं होतं. चर अजून कमरेएवढी होती, पाच मिनिटांत सगळी गावात पोचली असती. पण सर म्हणाले होते, हलायचं नाही. म्हणून ती पाण्यात पाय घेऊन रांगेत उभी होती आणि बंडू आवाज न करता रडत होता.

शेवटी शांतीने माझं मनगट धरलं आणि ओढलं. सरांना ती एक शब्द बोलली नाही. नुसती चालायला लागली. "ए शांती!" सर ओरडले. तिने मान आखडून घेतली, जणू मार पाठीवर बसणारच होता, पण थांबली नाही. तिच्या मागून दादू निघाला, मग सगळीच. चरीत पाणी माझ्या छातीला लागलं. पायाखालचा चिखल सुटला, नाकातोंडात खारं पाणी गेलं आणि मी मेले असंच मला वाटलं. दादूने माझी वेणी धरली होती. तशीच, वेणीला धरून, त्याने मला पलीकडे काढलं.

सर उंचवट्यावर एकटेच राहिले होते. पाणी आणखी चढलं तेव्हा तेही चरीत उतरले आणि मध्यावर चिखलात रुतत गळ्यापर्यंत गेले. त्यांचे डोळे मी तोपर्यंत असे कधी बघितले नव्हते. ते आमच्या डोळ्यांसारखे झाले होते, फळ्याजवळ बोलावल्यावर व्हायचे तसे. मुलांनी हाताला हात धरून साखळी केली आणि दादूने पुढे होऊन त्यांचा शर्ट पकडला. सगळ्यांनी मिळून त्यांना ओढून तिवरांत आणलं.

सर चिखलात बसून बराच वेळ नुसते खोकत होते. मग त्यांनी विचारलं, "शांती, तुला कधी कळलं?"

"कालच," ती म्हणाली. "माजा बापूस बोललेला, सव्वादोनला भरती."

"पाटीवर काय लिवलं होतंस?"

"सव्वादोन."

सरांनी बाकीच्यांकडे बघितलं. बंडूने मान हलवली, त्यानेही तेच लिहिलं होतं. मग सगळ्यांनीच माना हलवल्या. वर्गातली सगळी मुलं बरोबर होती, चुकलो होतो फक्त मी आणि सर.

"मग बोलला का न्हाई रं कुणी?"

दादू आपल्या पायांकडे बघत होता. सरांनीही त्या पायांकडे बघितलं आणि पुन्हा काही विचारलं नाही.

सोमवारी सर रिकाम्या हातांनी वर्गात आले. आल्या आल्या त्यांनी फळ्यावर लिहिलं: तीन चतुर्थांश अधिक एक चतुर्थांश बरोबर चार अष्टमांश. एवढं तर मलासुद्धा येत होतं. पाऊण आणि पाव मिळून एक होतो, अर्धा नव्हे.

सर वळले. "बरोबर हाय का?"

"बरोबर, सर," आम्ही एका सुरात म्हणालो.

त्यांनी त्याच्या खाली लिहिलं: दोन अधिक दोन बरोबर पाच. "आणि हे?"

"बरोबर, सर."

"पोरांनो, मी चुकलोय," सर म्हणाले. त्यांनी खडू खाली ठेवला. "कुणीतरी सांगा. मी मारणार न्हाई. शांती, तू सांग. दादू?"

शांती बाकाकडे बघत राहिली. दादूने पाय बाकाखाली ओढून घेतले. सर एकेकाच्या तोंडाकडे बघत उभे होते आणि आम्ही सगळे श्वास रोखून वाट बघत होतो, की बरोबर उत्तर काय ते सर आता सांगतील.