तीनदा भरलेला गॅस

फ्रीजवाले काका चाळीस वर्षांनी वर्गात बसले होते. एसी-फ्रीज दुरुस्त करणाऱ्या सगळ्यांना एका दिवसाच्या प्रशिक्षणाला बोलावलं होतं, म्हणून आले. नाहीतर कोण येतंय. शिकवणारी बाई त्यांच्या लेकीच्या वयाची.

"नळी उघडून जुना गॅस हवेत सोडता ना," ती म्हणाली, "तो वर जाऊन उष्णता धरून ठेवतो. किलोला किलो धरला तर धुरातल्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजारपट जास्त. उन्हाळा वाढतोय, त्यात आपलाही हात आहे."

"मग बाई, उंच शिडी द्या," मागून एकजण म्हणाला. "वर जाऊनच दुरुस्त करून येतो."

सगळे हसले. फ्रीजवालेही हसले. मग त्यांनी हात वर केला, आणि केल्यावर वाटलं, कशाला केला.

"गळक्या एसीत नुसता गॅस भरत राहिलं तर?"

"गळती न शोधता? ते तर सगळ्यात वाईट, काका. भरलेला सगळा हवेतच जातो. असं कोण करतं?"

"करतात काहीजण," ते म्हणाले.

त्यांनीच केलं होतं. मागच्या उन्हाळ्यात बायको अंथरुणाला खिळली होती. उकाड्याने तिचा जीव घाबरा व्हायचा. खोलीतला एसी दर तीन आठवड्यांनी गार करायचा बंद व्हायचा आणि ते गॅस भरायचे. तीनदा भरला. गळती आतल्या, गार होणाऱ्या नळ्यांच्या जाळीतच असणार, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. जाळी काढायची म्हणजे अर्धा दिवस एसी बंद आणि धूळ तिच्या उशीवर. तिसऱ्यांदा गार वारा आला तेव्हा ती म्हणाली होती, "सुटले बाई." उन्हाळा सरायच्या आत ती गेली. आपल्या हातून तिच्यासाठी एवढं एक तरी नीट झालं, या एका गोष्टीवर ते वर्षभर तग धरून होते.

घरी येऊन त्यांनी लेकीला सगळं सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आईसाठी केलंत ना, बाबा? मग झालं तर."

"बाकीचेही कुणासाठी तरीच करत असतील की."

"मग काय, मी रागवू तुम्हाला?"

"तुझी आई रागावली असती."

"छे! ती म्हणाली असती, मला सोडून त्या बाईला कशाला विचारायला गेलात?"

त्यांना हसू आलं, पण डोक्यातला गुंता काही सुटेना. शेवटी ते दुकानातून नायट्रोजनची टाकी घेऊन आले. तो मुळात हवेतलाच, सुटला तरी कुणाचं वाईट नाही. वर्षभरात गळून रिकाम्या झालेल्या एसीत तो दाबाने भरला आणि पलंगावर चढून जाळीला साबणाचा फेस लावला. एक बुडबुडा येईल तर शपथ. मग बाहेरच्या यंत्राकडे गेले. तिथला, नळीच्या जोडावरचा नट त्यांनी स्वतः आवळलेला, म्हणून तो तपासायचं कधी मनातही आलं नव्हतं. फेस लावला आणि नटापाशी बुडबुडे फुटायला लागले.

पान्याने अर्धा फेरा दिला. बुडबुडे थांबले.

एसी बसवला त्या दिवशी ते हाच नट आवळत असताना बायको शिडी धरून उभी होती. "उतरा आता, जेवण निवतंय," म्हणाली, आणि ते उतरले होते.

"एवढंच काम होतं?" लेकीने मागून विचारलं.

"एवढंच. पाच मिनिटांचं."

ती फडक्याने नटावरचा फेस पुसायला लागली.

"तुझ्या आईला गार वाटलं, ते तर खरं ना गं?"

"खरं, बाबा."

"आणि वर गेला तो गॅस?"

लेकीने मान डोलावली. "तोही खराच."

 फ्रीजवाल्यांनी पाना आणि साबणाची बाटली पिशवीत टाकली, टाकी खांद्यावर घेतली आणि चपला शोधायला लागले.

"आता कुठे?"

"शेजारी. त्यांचाही मीच बसवलाय."

"आणि तो गळत नसला तर? मग बरं वाटेल?"

"काही कळत नाही बघ," ते म्हणाले. "आधी बघून तर येतो."