काशीनाथ बंबवाल्याचा टोप

मी बंबवाल्याचा टोप बोलतोय. खऱ्या बंबवाल्याचा नव्हे बरं का, टीव्हीवरच्या. त्यामुळे माझ्याकडून शौर्याच्या गोष्टींची फार अपेक्षा ठेवू नका. भायंदरच्या नवघर गावातल्या धाकू नावाच्या कारागिराने मला कागदाच्या लगद्याचा बनवला आणि वर चकचकीत पिवळा रंग दिला. मला आगीपासून चार हात लांब ठेवा, अशी सगळ्यांना ताकीद होती.

साल एक्क्याण्णव. मालिकेतला काशीनाथ भारी हळवा होता. आगीतून एका मुलीला वाचवता आलं नाही, तेव्हापासून तो घरात बोलेनासा झाला. शेवटी बायको कंटाळून माहेरी गेली. मग तो मला मांडीवर घेऊन रडायचा. मी पडलो लगद्याचा, मला त्या पाण्याचीही धास्ती वाटायची.

काशीनाथचं काम करायचा तो उत्तम नावाचा हौशी नट. ऑफिसातला साधा कारकून, गिरगावातली खोली सोडून नवघरला ब्लॉक घेऊन राहिलेला. गंमत म्हणजे उत्तमची बायको मृणालिनीही तेव्हा खरोखरच माहेरी होती. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा ‘रजा नाही’ म्हणून हा भेटायला गेला नाही, आणि शूटिंगसाठी मात्र आठवडाभर रजा काढली. ते तिच्या जिव्हारी लागलं. आणि हा म्हणे, आधी तिने यावं! कॅमेऱ्यासमोर धो धो रडणाऱ्या माणसाला बायकोशी दोन शब्द बोलायला काय होतं, हे मला कधी कळलं नाही. माझा जीव मात्र तुटायचा.

शूटिंग तिथल्याच खारी गावाला लागून असलेल्या एका अर्धवट इमारतीत चालायचं. काशीनाथची बायको घर सोडून जाते तो भाग टीव्हीवर लागला, आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी गावातली म्हातारी शेवंती दोन शेजारणींना घेऊन तिथे हजर झाली. हातात ताट, ताटात नारळ, खण आणि तांदूळ. त्यांच्याकडे रीतच होती. सून रुसून गेली, तर नवऱ्याबरोबर थोरल्या बायका जायच्या आणि तिची ओटी भरून तिला घेऊन यायच्या.

“तुला घरान कोनी मोठा मानूस न्हाय काय रं?” ती उत्तमला म्हणाली. “चल, आमी येताव. कुठं हाय तिचा माहेर?”

आसपासची माणसं फिदीफिदी हसली. उत्तम म्हणाला, “मावशी, हे सगळं खोटं आहे. काशीनाथ असा कुणी नाहीच आहे.”

“बरा, न्हाय तं न्हाय. तुजी बायको तं घरी हाय ना?”

उत्तमने मला डोक्यावरून काढलं. माझ्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाला, “नाही. गिरगावात आहे. मी आणायला गेलोच नाही.”

“मंग ऊठ,” शेवंती म्हणाली. “नारल काय टीवीवाल्याच्याच बायकोला चालतो?”

दिग्दर्शक घड्याळ दाखवत राहिला. उत्तम त्या बायकांबरोबर वर्दीवरच निघाला, मला काखोटीला मारून.

मृणालिनीने दार उघडलं. आधी शेवंतीचं ताट पाहिलं, मग नवऱ्याला. “बाबांसाठी तू आला नाहीस,” एवढंच ती म्हणाली. या वेळी त्याने रजेचं नाव काढलं नाही. “चुकलो,” म्हणाला आणि आत सासऱ्यांच्या उशाशी जाऊन बसला. चार दिवस तिथून हलला नाही. पाचव्या दिवशी मृणालिनी भायंदरला आली, शेवंतीने भरलेली ओटी घेऊन.

इकडे शूटिंग खोळंबलं ते खोळंबलंच. निर्मात्याचं डोकं फिरलं आणि मालिका गुंडाळली गेली.

आता मी उत्तमच्या कपाटावर असतो. रंग उडालाय, एका अंगाने दबलोय. मृणालिनी दिवाळीला मला कोरड्या फडक्याने पुसते. माझं छान चाललंय.

काळजी लागते ती काशीनाथची. मालिका थांबली तेव्हा तो दार उघडं टाकून बायकोची वाट बघत बसला होता. गोष्ट बंद पडली, हे त्याला कुणी सांगितलंच नाही. तुमच्यापैकी कुणी गोष्टी लिहीत असेल, तर कृपा करून त्याला उठवा आणि तिच्या माहेरी पाठवा. एकटा जायला तो लाजेल. बरोबर कुणीतरी थोरलं माणूस द्या.