सुनीलशेठचा प्लाझ्मा

“अगं बया! नाना, तुमी तर टीव्हीत बसले!”

शेजारच्या वत्सलाबाई एवढ्या मोठ्यांदा ओरडल्या, की उज्वलाच्या हातातली पोह्यांची बशी कलंडता कलंडता राहिली. सातपूरच्या त्या दोन खोल्यांच्या घरात टीव्हीचं उद्घाटन चाललं होतं. उज्वलाने टीव्हीला हळदकुंकू लावलं होतं, नारळ फोडला होता. नाना, म्हणजे तिचे यजमान गोरक्ष दराडे, रिमोट हातात धरून नवरदेवासारखे बसले होते. गाण्यांचा कार्यक्रम झकास दिसत होता. मग कपडे धुण्याच्या पावडरीची जाहिरात लागली, सगळा पडदा पांढराशुभ्र झाला आणि त्या पांढऱ्यावर एक पिवळट सावली उमटली. टेबलाची कड, मागचं कपाट आणि टेबलामागे मान खाली घालून बसलेला एक टोपीवाला माणूस.

जाहिरात संपली आणि माणूसही गेला.

“पाह्यलं ना? खोटं नाय सांगत,” वत्सलाबाई म्हणाल्या. “तुमचीच टोपी. अन् बसायची तऱ्हा बी तुमचीच, डावा खांदा खाली.”

नानांनी नकळत डावा खांदा वर केला. घाबरायचं की हसायचं, हे त्यांना कळेना. रोज आरशात दिसतो तेवढाच माणूस स्वतःच्या ओळखीचा असतो. असा बाजूला बसून काम करताना आपण कसे दिसतो, ते त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं.

टीव्ही आदल्या दिवशीच घरी आला होता. द्वारका चौकाजवळ सुनीलशेठची ट्रान्सपोर्ट कंपनी होती आणि तिथे नाना बुकिंगला होते. आलेलं पार्सल बघायचं, वजन करायचं, पावती फाडायची, गाडीत चढवायला सांगायचं. सारी नोकरी त्यांनी एकाच टेबलावर काढली. ते निवृत्त झाले तेव्हा शेठनी शाल दिली, नारळ दिला आणि आपल्या केबिनमधला प्लाझ्मा टीव्ही भिंतीवरून उतरवून टेम्पोत घातला. हमालांनी ‘हा टीव्ही आहे का तिजोरी?’ असं विचारत तो वर चढवला. शेठनी तो वर्ल्डकपच्या साली घरी घेतला होता. पुढे घरी पातळ टीव्ही आला आणि हा ऑफिसात, कॅमेरे बघायला. “नाना, वस्तू जुनी म्हणू नका,” निरोपाच्या भाषणात शेठ म्हणाले होते. “यातला काळा म्हणजे काळाकुट्ट. आजकालच्या टीव्हीत असा काळा बघायला मिळत नाही.”

“मला वाटतं, शेठनी आठवण म्हनून फोटू घातला असंल आत,” वत्सलाबाईंनी तर्क लढवला.

नानांना हा तर्क एकदम पटला. पटला म्हणजे काय, त्यांची छाती दोन बोटं वर आली. “घालतील! आमच्या शेठचा जीवच तसा आहे,” असं म्हणून त्यांनी ती गोष्ट सांगायला घेतली. अख्ख्या गल्लीला ती पाठ होती, वत्सलाबाईंनाही, पण पोहे खाल्ल्यावर माणसाला ऐकावंच लागतं.

गोष्ट अशी, की एकदा येवल्याच्या पैठण्यांचं पार्सल ऑफिसातून नाहीसं झालं. बोभाटा झाला. शेठनी सगळ्या माणसांना रांगेत उभं केलं, डबे उघडायला लावले, पिशव्या उलट्या केल्या. नानांनी आपली कापडी पिशवी पुढे केली, तर शेठ सगळ्यांदेखत म्हणाले, “नानांची पिशवी तपासायची नाही.” एवढीच गोष्ट. पार्सल काही सापडलं नाही. पण ते वाक्य नानांनी तेव्हापासून जपून ठेवलं होतं. पोरीच्या लग्नात व्याह्यांना सांगितलं, भाऊबंदांत जमिनीवरून वाद झाला तेव्हा तावातावाने सांगितलं, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या अनोळखी माणसालाही सांगितलं. दुसऱ्या कुणाकडे घर असतं, गाडी असते. नानांकडे हे वाक्य होतं.

पण संध्याकाळच्या बातम्यांत काही खरं राहिलं नाही. निवेदिकेच्या मागे पांढरी भिंत होती आणि तिच्या खांद्याशी नाना मान खाली घालून पावत्या फाडत बसले होते. क्रिकेटच्या खेळपट्टीवर नाना. कुणाच्या लग्नाच्या मांडवात नाना. उज्वलाने पदर डोक्यावरून घेतला.

“मला नाय बरं वाटत. जित्या माणसाची अशी सावली पडती का कुठं? बंद करा तो. अन् उद्या त्या जमीलभाईला बोलवा.”

जमीलभाईचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान शेठच्या ऑफिसासमोरच होतं. दुपारच्या चहाला नाना आणि तो एकाच टपरीवर उभे राहत. दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्कूटरवरून आला, चहा नको म्हणाला आणि मग प्यायला. त्याने खिशातला पेन ड्राइव्ह टीव्हीच्या मागे खोचला आणि पूर्ण पडद्यावर नुसता पांढरा रंग लावला.

आता सावली हलेना की जाईना. टोपी दिसली, सदरा दिसला, पावतीवर ठेवलेला हातही ओळखू आला. वरच्या कोपऱ्यात कॅमेऱ्याचा आकडा होता. जमीलभाई बराच वेळ बघत राहिला. मग त्याने चष्मा काढून पुसला.

“नाना, इसको डाग बोलते हैं. फोटो नाही हा.”

“कसला डाग? फडक्याने पुसून पाह्यला मी.”

“वरून नाही, आतून आहे. प्लाझ्माचं आयुष्य तासांवर असतं. जितकं उजळ चित्र, तितकी काचेच्या आतली चमकणारी पावडर झिजते. सगळीकडे सारखी झिजली तर कळत नाही, टीव्ही नुसता मंद होत जातो. पण एकच चित्र रोज लावून ठेवलं, तर तेवढीच जागा झिजते आणि चित्र तिथेच बसतं. पांढऱ्याचं जास्त बसतं. तुमचा सदरा पांढरा, टोपी पांढरी.”

“मग बरोबर आहे,” नाना म्हणाले. “शेठ कॅमेरे बघायचे ना यावर. गेट, गोडाऊन, रस्ता आणि ऑफिस. चार चौकटी. मी केबिनमध्ये गेलो की दिसायच्या की.”

जमीलभाईने पेन ड्राइव्ह काढायला हात मागे नेला.

“थांबा भाऊ,” उज्वला म्हणाली. ती पडद्याजवळ गेली. पडद्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिने हात फिरवला. “चार चौकटी कुठं हायेत यात? मधली रेघ तरी दिसाया पायजे ना. हे तर एकटेच बसलेत सगळ्या पडद्यावर.”

“भाभी...”

“नाय, सांगा तुमी.”

जमीलभाईने नानांकडे पाहिलं नाही. “चार चौकटी लावल्या असत्या तर चौकटीच बसल्या असत्या. हा एकच कॅमेरा आहे, फुल स्क्रीन. आणि एक-दोन महिन्यांत असा डाग पडत नाही. बरसों का काम है.”

“तो कॅमेरा दारावर होता,” नाना म्हणाले. “लावला तेव्हाच शेठ म्हणाले होते, नाना, हा दारासाठी आहे, तुमच्या डोक्यावरून दार दिसतं.”

“यात दार दिसतंय का, नाना?”

नानांनी पाहिलं. टेबल होतं, कपाट होतं, ते स्वतः होते. दार नव्हतं.

आणि मग त्यांना तो आवाज आठवला. केबिनच्या दारावर टकटक केलं की आतून लगेच ‘या’ असं कधी यायचं नाही. आधी माऊसचा आवाज यायचा, टिकटिक, आणि मग ‘या नाना’. नाना आत जायचे तेव्हा पडद्यावर चार चौकटी असायच्या. ते बाहेर पडून दार ओढायचे, तेव्हा पाठीमागे पुन्हा टिकटिक. इतकी वर्षं तो आवाज त्यांनी ऐकला होता आणि शेठ काहीतरी काम करत असतील, एवढंच मनात आलं होतं. पैठण्यांचं पार्सल गेलं, त्याच्या पुढच्या महिन्यात कॅमेरे लागले होते. हेही त्यांना आताच आठवलं.

ते खाटेवर बसले. जमीलभाई काहीतरी सांगत होता, की चार दिवस सलग पांढरा रंग चालू ठेवला तर डाग थोडा फिका होईल, पण पूर्ण जाणार नाही आणि टीव्हीचं उरलंसुरलं आयुष्य त्यातच खर्ची पडेल. नानांच्या कानात काही शिरत नव्हतं.

“म्हणजे शेठ दिवसभर यांनाच बघत बसायचे?” उज्वलाने विचारलं. घरात कुणी गेल्यावर विचारावं तसं, हळू आवाजात.

सकाळी नाना अंघोळ करून पांढरा सदरा घालून तयार झाले. कुठे चाललात, असं उज्वलाने विचारलं नाही. तिने टोपी आणून दिली.

द्वारकेला उतरून ऑफिसात शिरले तर त्यांच्या खुर्चीवर पूजा नावाची नवी मुलगी बसली होती. टेबल तेच, कपाट तेच. पावत्यांच्या जागी कॉम्प्युटर आला होता आणि ती मान खाली घालून काहीतरी टाईप करत होती. नानांनी मान वर केली. कोपऱ्यात छताला कॅमेरा होता. त्याचं तोंड दाराकडे नव्हतं. इतक्या वर्षांत ते त्याखाली बसले, पण मान वर करून एकदाही त्यांनी ते पाहिलं नव्हतं. विश्वासाच्या माणसाला कशाला पाहावं लागतं?

त्यांनी केबिनवर टकटक केलं.

टिकटिक.

“या नाना, या! करमेना ना घरी?” सुनीलशेठ हसून म्हणाले. भिंतीवर नवा पातळ टीव्ही होता. त्यावर चार चौकटी होत्या. “कसा आहे टीव्ही? काळा बघितला की नाही?”

“बघितला. चित्र चांगलं आहे, शेठ.” नाना उभेच राहिले. “पांढरं लागलं की मी दिसतो त्यात. टेबलावर बसलेला.”

शेठच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं, नुसतं त्यातलं हसणं गेलं. “जुना माल आहे नाना. काहीतरी बिघाड...”

“जमीलभाईला दाखवला. बिघाड नाही. फार वर्षं एकच चित्र लावलं की बसतं म्हणे.”

बाहेर रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. कुणीतरी ‘मालेगावची गाडी लावा’ असं ओरडलं. शेठनी टेबलावरची किल्ली उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

“नाना, तसं काही मनात आणू नका. तुमच्यावर म्हणून नव्हतं ते. पार्सल गेलं तेव्हा वडील म्हणाले, लक्ष ठेव. मग सवयच लागली. चालू राहिलं आपलं.”

“एकदा तरी काही सापडलं का?”

शेठनी माऊस बाजूला सारला.

“नाही, खरंच विचारतो. एवढं बघितलंत. मला स्वतःला काय आठवणार? माझ्या हातून काही कमी-जास्त झालेलं दिसलं का कधी?”

“नाही हो नाना. काहीसुद्धा नाही.”

“मग बंद का नाही केलंत?”

शेठनी काही कारण बनवून सांगितलं नाही. एवढं मात्र त्यांचं मान्य करायला हवं. ते म्हणाले, “राहून गेलं.”

नानांनी मान हलवली. त्यांचा आवाज चढला नाही. चढवायची सवयच नव्हती. “माझी पिशवी तपासली असतीत तर बरं झालं असतं, शेठ. एकदाच झालं असतं. मी तर लोकांना सांगत फिरलो, की माझी पिशवी कुणी तपासली नाही.”

हे बोलताना त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली. ते वळले, बाहेर आले, दार ओढून घेतलं. दाराच्या मुठीवर हात तसाच ठेवून थांबले.

आतून आवाज आला. टिकटिक.

त्यांनी टेबलाकडे पाहिलं. पूजा मान खाली घालून टाईप करत होती. तिचा ड्रेस पिवळा होता, आणि नव्या टीव्हीवर डाग पडतो की नाही, ते नानांना ठाऊक नव्हतं. तिची पर्स टेबलाच्या पायाशी होती, जिथे त्यांची कापडी पिशवी असायची.

“पोरी, जरा ऊठ. जा, पाणी पिऊन ये.”

“तहान नाही लागली, नाना.”

“नसू दे. तरी जा. मधूनमधून उठत जावं माणसाने.”

ती गोंधळली, पण उठली. नाना आपल्या जुन्या खुर्चीवर बसले. खचलेली गादी त्यांच्याच मापाची होती. त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. डावा खांदा वर घेतला. टोपी सरळ केली. मग मान वर करून त्यांनी थेट कॅमेऱ्यात पाहिलं आणि पापणी न हलवता तसेच बघत राहिले.

केबिनमधून काही हालचाल ऐकू येत नव्हती. पूजा पाण्याचा ग्लास हातात घेऊन दारात उभी होती.

“काय झालं नाना? कुणाकडे बघताय?”

नानांनी कॅमेऱ्यावरची नजर काढली नाही. आतलं चित्र बदलेपर्यंत ते थांबणार होते. बऱ्याच वेळाने आतून तो आवाज आला. टिकटिक.

“काही नाही,” नाना म्हणाले. त्यांनी खुर्ची मागे सारली आणि उठले. “ये, बस आता.”