हुंगून ठेवलेल्या बरण्या

थोरलीच्या स्वयंपाकघरात एकाही बरणीवर चिठ्ठी नव्हती. "चिठ्ठ्या लावाव्यात त्या नाक नसलेल्यांनी," असं ती म्हणायची, आणि तिला ते शोभायचंही. पुदिना, गवती चहा, ज्येष्ठमध, जास्वंदीच्या पाकळ्या, लिंबाची पानं, सगळं ती गच्चीवर सावलीत वाळवायची, हाताने चुरायची आणि एकसारख्या काचेच्या बरण्यांत भरून फळीवर ओळीने मांडायची. कोणाला झोप लागत नाही, कोणाचा घसा बसलाय, की थोरलीने बरणी उघडून हुंगायची, चिमूटभर चुरा उकळत्या पाण्यात टाकायचा आणि वर ताटली झाकायची. मधेच कोणी ताटली उचलली तर त्याची खैर नसे. नवरा तिला घरातलं पोलिसी कुत्रं म्हणायचा. ती रागवायची, पण गालातल्या गालात हसून.

मग तिला ताप आला. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं, सर्दी असेल. एक दिवस दूध करपून पातेलं काळं झालं आणि ही शेजारीच उभी राहून भाजी चिरत होती, तेव्हा तिला कळलं, ही सर्दी नव्हे. पातेलं घासून टाकलं आणि कोणालाही काही सांगितलं नाही. सांगायचं काय? घरात तिच्या शब्दाला जो मान होता तो त्या नाकावरच तर उभा होता. येईल परत, तोवर झाकली मूठ सवा लाखाची. बरण्यांच्या जागा तिला तोंडपाठ होत्या. त्यामुळे हुंगायचं तेवढं नाटक ती करत राहिली, आणि ते इतकं छान वठत होतं की कोणाला पत्ताही लागला नाही.

फळीच्या अगदी टोकाची बरणी मात्र तिची नव्हती. ती दिराची. दीर पुस्तकं बांधायचा, घरातल्याच मागच्या खोलीत. बांधणीला कसर लागू नये म्हणून खळीत तो कण्हेरीच्या वाळक्या पानांचा चुरा मिसळायचा. मागच्या भिंतीला ओल आल्यावर तो चुरा बुरसू लागला, म्हणून थोरलीनेच आपली एक रिकामी बरणी त्याला दिली आणि फळीवर जागाही दिली. "वहिनी, विष आहे हं ते," तो तेव्हा म्हणाला होता. "अहो भाऊजी, मला शिकवताय?" असं म्हणून तिने त्याला वाटेला लावलं होतं.

त्या दुपारी धाकटीने फळी धुतली. धाकटी म्हणजे त्या दिराचीच बायको, थोरलीची जाऊ. तिला सहावा महिना होता. आधीचं एक पोटातच गेलं होतं, त्यामुळे या वेळी सगळं घर तिला जपत होतं आणि ती मात्र बसून बसून कंटाळली होती. बरण्या खाली काढून, फळी पुसून, तिने त्या परत लावल्या आणि हाक मारली, "ताई, एकदा बघून घ्या हो. माझी काही गडबड झाली असेल तर?"

थोरली आली. एकेक झाकण उघडलं, एकेक बरणी नाकाशी नेली, डोळे मिटले, मान डोलावली. नाकाला काही म्हणता काही कळत नव्हतं. रंगावरून पाकळ्या ओळखू आल्या, काड्यांवरून ज्येष्ठमध. हिरव्या चुऱ्याच्या बरण्यांपुढे ती क्षणभर थांबली. विचारावं का? तोंडापर्यंत आलं होतं. पण धाकटी कौतुकाने बघत होती.

"बरोबर आहे सगळं," थोरली म्हणाली.

संध्याकाळी धाकटीला मळमळू लागलं. थोरलीने नेहमीच्या जागेवरची लिंबाच्या पानांची बरणी घेतली, पाणी उकळलं, चुरा टाकला, ताटली झाकली. गाळून कप भरला, वर मध घातला. धाकटीने तोंड वाकडं करत निम्मा कप प्यायला आणि बाकीचा ठेवला.

तेवढ्यात दीर खळीचं भांडं घेऊन दारात आला. "वहिनी, माझी बरणी बदलली का कोणी? ही टोकाची घेऊन गेलो, तर आत लिंबाचा वास."

थोरलीने ओट्यावरच्या बरणीकडे पाहिलं.

"असेल इथेच," तिच्या तोंडून निघालं. "बघते मी. तुम्ही व्हा पुढे."

तो गेला. तिने ओट्यावरची बरणी उचलली आणि नाक आत खुपसलं. काही नाही. जोरात श्वास ओढला. चुरा नाकात गेला, शिंक आली, वास आला नाही. गाळणीतला चोथा बोटावर घेतला, जिभेला लावला. कडू. पण लिंबाचं पानही कडूच. मेलं हे नाक! रोज कोणाची भाजी लागली ते रस्त्यावरून सांगायचं, आणि आज ते चेहऱ्यावर नुसतं शोभेला उरलं होतं.

तिला माहीत होतं काय करायचं ते. दिराला हाक मारायची, बरणी त्याच्या हातात द्यायची, बस. पण मग सगळंच सांगावं लागणार होतं. कदाचित तोच चुकला असेल, गवती चहालाही लिंबाचाच वास येतो. कदाचित धाकटीने त्याचीच बरणी भलतीकडे ठेवली असेल आणि ही लिंबाचीच असेल. अशा कदाचितांची माळ ओढत ती ओट्याला धरून उभी राहिली, आणि बाहेरच्या खोलीत धाकटी ओकली.

ओकणं काही नवं नव्हतं. रोजचंच होतं. थोरली धावत गेली, तिची पाठ चोळली, आणि चोळता चोळता तिचं मनगट धरलं. नाडी लागत होती. मग थांबली. मग पुन्हा लागली, सावकाश, चालताना दम लागलेल्या म्हाताऱ्या माणसासारखी.

"ताई, डोळ्यापुढे कसंसंच होतंय," धाकटी म्हणाली.

"भाऊजी!" थोरली अशी किंचाळली की तिचा तिलाच आवाज ओळखू आला नाही. तो धावत आला. तिने बरणी त्याच्या नाकाखाली धरली. "ही कसली आहे? सांगा लवकर! मला नाही कळत. मला वासच येत नाही, तापापासून येत नाही. मी हिला याचंच पाणी पाजलंय."

त्याने वास घेतला. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला उत्तर मिळालं. बायकोला उचलून तो जिन्याकडे धावला आणि थोरली बरणी छातीशी धरून, अनवाणीच, मागून.

दवाखान्यात जे विचारलं ते सगळं तिने सांगितलं. कसलं पान, किती चुरा, किती उकळलं. "वास नाही आला तुम्हाला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा तिने तेही सांगितलं, सगळ्यांसमोर, आणि ते सांगायला किती सोपं होतं हे कळून तिला रडू फुटलं. चार शब्दांचं काम होतं. दुपारीच झालं असतं.

धाकटीच्या छातीला तारा जोडल्या. पोटावर यंत्र फिरलं. बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत होती. दीर भिंतीकडे तोंड करून उभा होता. मग खरखरीतून लहानसे, घाईचे ठोके निघाले.

"बाळाचे ठीक आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आईचे मंदावलेत. बरंचसं ओकून पडलंय, निम्माच कप होता, हे नशीब. उतारा देतोय. आजची रात्र काढायची आहे."

थोरली खाटेशी गेली. धाकटीचे ओठ पांढरे पडले होते.

"ताई, मला वास वेगळा आला होता," ती हळूच म्हणाली. "कडूही होतं फार. म्हटलं, ओतून द्यावं. पण तुम्ही बघून दिलेलं. म्हटलं, माझंच नाक बिघडलंय, दिवस गेलेत म्हणून."

थोरलीला वाटलं, हिने एक थोबाडीत मारली असती तरी चाललं असतं. या घरात इतकी वर्षं तिने सगळ्यांसाठी वास घेतला होता. इतका, की पोरीला स्वतःच्या नाकावर विश्वास ठेवायला जागाच उरली नव्हती. ते तापाने नव्हतं केलं. ते तिने केलं होतं.

परिचारिका पेला घेऊन आली. आत कोळशासारखं काळंकुट्ट, दाट औषध होतं. धाकटीने पेला हातात घेतला, आत बघितलं, आणि सवयीने तो थोरलीच्या नाकासमोर धरला.

"ताई, पिऊ ना हे?"

थोरलीने पेला हलकेच धाकटीकडे वळवला.

"मला नको गं विचारूस," ती म्हणाली. "त्यांना विचार. आणि पुन्हा कधी काही वेगळं वाटलं, तर मला न विचारता ओतून दे."