जमील मास्तरांच्या गळ्यातली टेप

मी टेप बोलतेय. शिंप्याची, जुन्या नाशकातल्या जमील मास्तरांच्या गळ्यातली. मास्तर घरात उर्दूमिश्रित हिंदी बोलतात आणि गिऱ्हाइकांशी मराठी. मी दुकानात वाढले, म्हणून मराठीत सांगते. सांगते खरी, पण जे झालं ते मला अजून धड कळलेलं नाही.

कुठल्या कारखान्यात जन्मले ते आठवत नाही. एका अंगावर इंच, दुसऱ्यावर सेंटीमीटर, आणि काम एकच, खरं माप सांगणं. माणसांना मात्र खरं माप फारसं आवडत नाही. पुरुष पोट आत ओढून घेतात, बायका “जरा सैलच ठेवा” म्हणतात, आणि आयांना मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे हवे असतात. म्हणून शाळेच्या सलवारीला मास्तर खाली चार बोटं दुमड ठेवतात. पुढच्या जूनमध्ये पोरी येतात आणि दुमड उसवून नेतात.

मास्तरांच्या एकुलत्या एक मुलीचा, अफरीनचा युनिफॉर्म सगळ्यात शेवटी शिवला जायचा. पाचवीत तिची सलवार अठ्ठावीस इंच होती. सहावीत मी सांगितलं, सव्वा अठ्ठावीस. गळ्याचं माप मात्र तिच्या वयाच्या पोरींपेक्षा रुंद होतं, तेही मी सांगितलं. मास्तरांनी गळा मोठा कापला आणि माझ्याकडे संशयानं पाहिलं.

“टेप जुनी झाली. ताणून ताणून लांबलीय, म्हणून माप कमी दाखवते.”

मी गोंधळले. त्याच दिवशी दहा पोरींची मापं माझ्यावर घेतली होती, ती बरोबर, आणि हिचंच चुकीचं? मास्तरांनी नवी पिवळी टेप आणली आणि मला बटणांच्या डब्यात टाकलं.

वर्षभर मी तिथून ऐकत होते. मास्तरांची बायको, सितारा, शेजारणींना कौतुकानं सांगायची, “माझ्या पोरीची दुमड अजून उसवावी लागली नाही. फार जपून वापरते कपडे.” अफरीन तेव्हा दाराच्या चौकटीला लोंबकळत असायची. उंची वाढते म्हणे त्यानं.

सातवीच्या जूनमध्ये पिवळी म्हणाली, साडेअठ्ठावीस. मास्तर तिच्यावरही चिडले, “हल्ली मालच खराब येतो.” अफरीन हळूच म्हणाली, “अब्बू, तिसरी टेप आणली तर मी वाढेन का?”

 मास्तरांनी डब्यातून मला काढलं, कापड मोजायचा लोखंडी गज टेबलावर ठेवला आणि आम्हा दोघींना त्याच्या कडेनं लावलं. रेघेला रेघ जुळली. मास्तर स्टुलावर बसले. गावभरच्या पोरी मोजल्या आणि घरचीच राहिली, एवढंच म्हणाले.

दवाखान्यात मी त्यांच्या गळ्यातच होते, काढायची राहून गेले होते. रक्त तपासून तीन आठवड्यांनी रिपोर्ट आला. कागदावर पट्ट्यापट्ट्यांच्या बारीक काड्या जोडीनं मांडलेल्या होत्या. शेवटच्या जागी एकच काडी.

“मुलींमध्ये एक्स गुणसूत्रांची जोडी असते,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “हिच्यात एकच आहे. म्हणून उंची खुंटली, मानही रुंद आहे. यात हृदयातही दोष असू शकतो, तेही तपासू या.”

“माझ्या पोटात असताना माझंच काही चुकलं का?” सितारा रडायला लागली.

“कुणाचंच चुकलं नाही. हे आपोआप घडतं.”

पुढे मूल होणं अवघड असेल, असंही त्यांनी सांगितलं. इंजेक्शनं घेतली तर अजून काही इंच वाढता येईल. आधी आला असतात तर जास्त वाढली असती. मास्तरांचा हात माझ्यावर घट्ट आवळला.

अफरीननं विचारलं, “मी मुलगीच आहे ना?”

“अगदी पूर्ण मुलगी,” बाई म्हणाल्या.

मला अजून उमगत नाही. जी काडी दोऱ्याच्या धाग्याहून बारीक, ती नसली तर पोर एवढी कमी कशी पडते? आणि कमी पडूनही पूर्ण कशी? माझ्या साठ इंचांत हे मापच नाही. पण पोरीबद्दल बाईंचं म्हणणं मला पटतं, का ते विचारू नका.

आता माझे आकडे पुसट झालेत. एकच विनंती आहे. माप मनासारखं आलं नाही तर टेपेवर चिडा, पण एकदा गजाला लावून बघा, आणि त्याच दिवशी बघा. आमचं एक वर्ष डब्यात गेलं.

इंजेक्शनं सुरू होऊन सहा महिने झाले. काल मास्तरांनी अफरीनला भिंतीला टेकवून उभं केलं. अंगठ्यानं मला धरलं, वाकून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

“छे,” ते पुटपुटले. “टेप जुनी झाली. आखडली असेल, म्हणून जास्त दाखवते.”

 कोपऱ्यातला गज अफरीननं स्वतः उचलून आणला आणि माझ्या शेजारी ठेवला.

“बघा अब्बू.”

मी तसूभरही आखडले नव्हते.