हौसाचा मजकूर

त्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. विलायतेला जायचा परवाना देणाऱ्या मुंबईच्या कचेरीतून आलं होतं ते, टाइप केलेलं, खाली शिक्का. शेलार गावच्या हौसा केसरीनाथ भोईर हिची विलायतेतल्या नवऱ्याला गेलेली पत्रं तुम्ही लिहिलीत का, आणि तिनं सांगितला तोच मजकूर लिहिलात का, एवढंच विचारलं होतं. महिन्याची मुदत होती. मी ते वाचनालयातल्या माझ्या टेबलाच्या खणात, अगदी तळाशी सारलं आणि महिना जाऊ दिला.

केसरीनाथ तिकडच्या कापडगिरणीत होता. एकाहत्तर साली रजेवर आला, लग्न केलं आणि दीड महिन्यानं परत गेला. बायकोला तिकडे राहायला न्यायचं, तर लग्न खरं असल्याची कचेरीची खात्री पटावी लागे. हौसाला लिहिता येत नव्हतं. मंडईत भाजी विकून झाली की पंधरवड्यातून एकदा ती वाचनालयाच्या ओट्यावर येऊन बसे. ती सांगे, मी लिही.

"लिवा नाना. तू लबाड हायस. तुझी आय मला टोचून खाते. न्यायचं नव्हतं तं लगीन केलंस कशाला?"

आणि मी लिही, 'येथे सर्व कुशल. सासूबाई मायेने वागवतात. आपल्या आठवणीत दिवस जातात. माझी काळजी करू नये.'

मला वाटे, मी तिची भाषा सुधारतोय. बायकोनं नवऱ्याला कसं लिहावं हे मी पुस्तकांतून शिकलो होतो. शिकायला दुसरी जागा नव्हती. मी लग्न केलं नाही.

चौऱ्याहत्तर साली तिला मुलाखतीला बोलावलं. केसरीनाथनं लग्नाचा पुरावा म्हणून अर्जाला जोडलेली ती पत्रं दुभाष्यानं तिला वाचून दाखवली. "ही माझी न्हाईत," ती म्हणाली आणि मग माझं नाव सांगितलं. म्हणून मला विचारणा झाली.

अडीच महिन्यांनी ती सासूला, राहीबाईला घेऊन भर दुपारी वाचनालयात आली आणि एक कागद माझ्यापुढे आपटला. नकार होता. कारण दोन ओळींचं. पत्रे अर्जदाराची नाहीत. लिहिणाऱ्याने विचारणेस उत्तर दिलेले नाही.

"शाळेतल्या गुरुजींनी वाचून दाखवलं मला. इचारलं व्हतं तुमाला?"

मी होकारार्थी मान हलवली.

"मग तोंड शिवलं व्हतं?"

वर्तमानपत्र वाचणारे दोघंतिघं माझ्याकडे बघू लागले.

"जाऊं दे गो," राहीबाई म्हणाली. "फुक मारली तं उडंल असा मानूस ह्यो. परवाना न्हाय तं नवरा न्हाय. आईतवारी तुला पूर्ण्याला माहेरी सोडते, मी सुटते."

"मला वाटलं, तुझं भलं..." मी कसंबसं म्हणालो.

"माझं भलं? हितं मी रडते नि तो समजतो मी मजेत हाय! घाई न्हाय म्हनून अर्ज करायला त्यानं दोन वर्सं लावली."

हे मला माहीत नव्हतं. माहीत करून घेतलं नव्हतं, असं म्हणायला हवं.

अपिलाला बारा दिवस उरले होते. "आता लिवा," ती म्हणाली. "मी बोलते तसं. एक अक्षर बदललं तं ह्या कपाटांना काडी लावीन."

"इंग्रजीत करू का?"

"न्हाय! परत बदलाल. तिथं दुभाष्या हाय."

आधी मी माझं लिहिलं. पत्रं माझ्या हातची, मजकूरही माझाच. तिनं सांगितलेला मी गाळला. मग ती एकेक पत्र आठवून सांगू लागली. तिला सगळी पाठ होती. तू झोपेत दात खातोस, तिथं खोलीत कोण झोपू देतं तुला? कोलंबीचे सोडे खाल्ले की अंगावर पित्त उठतं तुझ्या, तिथं कोनी दिले तं खाऊ नको. हे सगळं मी तेव्हा लाजून सोडून दिलं होतं.

"दात खातो तेही लिहू?"

"तेच लिवा. साहेबानं त्याला इचारावं, खरं का खोटं."

आईचं टोचणं आलं तशी राहीबाई उसळली. "ते नको लिवू नाना! मी मायेनं वागवते असं लिवलं व्हतं ना?"

"ते माझं होतं, राहीबाई."

"येवढं एकच तं खरं लिवलं व्हतंस!"

हौसा हसली नाही. "लिवा," म्हणाली. मी लिहिलं.

सहीपाशी माझा हात थांबला. कचेरीपुढे गेलेली तीन वर्षांची पत्रं मीच खोटी लिहिली, असं स्वतःच्या सहीनं सांगायचं होतं. मला तुरुंगही दिसला आणि वाचनालयाच्या कमिटीसमोर उभा असलेला मीही दिसलो. ती नुसती बघत उभी होती. मी सही केली.

"द्या, मी टाकतो," म्हणालो.

"तुमी?"

पोस्टापर्यंत ती माझ्या मागून चालत आली, तिच्या मागून राहीबाई. खिडकीत मी पाकीट रजिस्टर केलं. कारकुनानं शिक्का मारून ते थैलीत टाकेपर्यंत ती गजाला धरून उभी राहिली. मग पावती माझ्या बोटांतून ओढून घेतली आणि राहीबाईच्या पुढे, माझ्याकडे न बघता, शेलारच्या रस्त्याला लागली.