असं म्हणजे कसं

बायको गेल्यावर पाचव्या आठवड्यात मी कॉम्प्युटरमागची धूळ पुसली. ते काम तिचं. वायरी उपसल्या, पुसल्या आणि जागा दिसेल तिथे खोचल्या. मग धीर करून तिचा व्हिडिओ लावला.

चार मिनिटांचा आहे. ती हॉस्पिटलात जायच्या आदल्या दिवशी मीच फोनवर काढला होता. फोन नंतर पडून फुटला, व्हिडिओ तेवढा कॉम्प्युटरवर राहिला. कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेल्या चादरीची घडी कशी घालायची ते ती मला दाखवते. मी आयुष्यभर त्या चादरीचा बोळाच केला.

"हा कोपरा असा," ती म्हणते. "मग असं. आणि मग असं."

नेमकं 'मग असं'ला चित्र थिजायचं आणि आवाज एकटाच पुढे जायचा. असं म्हणजे कसं, ते कळेना. वीस वेळा तरी लावला असेल.

शेवटी भाचीला बोलावलं. ती कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहे. तिने मागे डोकावून पाहिलं.

"मामा, साफसफाई केलीत की तोडफोड?"

"का गं?"

"पडद्याची वायर भलत्याच खाचेत घातलीय. व्हिडिओ दाबून भरलेला असतो. एकेक चित्र उलगडायचं काम ग्राफिक्स कार्डचं. तुम्ही त्यालाच वगळलंत. सगळं प्रोसेसरच्या डोक्यावर. हा बघा, शंभर टक्के भार. तो एकटा मरतोय आणि कार्ड बसलंय हाताची घडी घालून."

"तुझी मामी माझ्याबद्दल हेच म्हणायची."

भाची हसली. वायर काढून खालच्या खाचेत लावली, कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि म्हणाली, "आता लावा."

मी चादर मांडीवर घेऊन बसलो. व्हिडिओतल्या बायकोबरोबर घडी घालायची, असं ठरवलं होतं.

पहिला कोपरा जमला. "मग असं," ती म्हणाली, आणि या वेळी चित्र थांबलं नाही. तिचे हात वर गेलेच नाहीत. चादर तिच्या मांडीवर पडली. एका हाताने तिने पोट दाबलं, दुसरा माझ्याकडे केला. पुरे, बंद करा, असा. मागून माझा आवाज आला, "जरा वर धर ना, दिसत नाहीये." तिने ओठ मिटले, चादर उचलायला गेली, जमलं नाही. तरी म्हणाली, "आणि मग असं."

तेव्हा मी फोनमध्ये चादर मावते का, तेच बघत होतो.

भाची पडद्याच्या कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघत राहिली. काहीतरी बोलायचं म्हणून बोलली, "भार बघा मामा, सहा टक्क्यांवर आला."

मी हो म्हटलं.

थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "वायर होती तिथे परत लावू का?"

चादर माझ्या मांडीवर होती. एकच कोपरा दुमडलेला.